टोल्युइन, रंगकामासाठी

दोरी कपडे वाळत घालायची होती, हे हेडक्लार्कांना सगळ्यात जास्त लागलं.

गाडी चढावर बंद पडली, त्याचं एवढं काही नाही. गाडी म्हटल्यावर बंद पडणार. साडूनं ती आपल्या गाडीला बांधून टेकडीवर ओढत नेली, हेही एक वेळ गिळता आलं असतं. पण त्या दोरीला दोन चिमटे तसेच राहिले होते, एक पिवळा आणि एक निळा, आणि अख्खा चढभर ते हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर नाचत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं थांबून बघत होती. एक म्हातारा तर हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलंय.

बरं, गाडी साधी असती तर गोष्ट वेगळी. ही होती परफॉर्मन्स गाडी. हा शब्द हेडक्लार्कांचा नाही, विकणाऱ्याचा. लालभडक रंग, पाठीवर विमानासारखा पंख, खाली मनगट आत जाईल एवढा सायलेन्सर, आणि नाकापासून शेपटापर्यंत एक काळा पट्टा. आत, ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस जिथं पाय ठेवतो तिथं पत्र्याला दोन भोकं होती आणि त्यांत रबरी बुचं बसवलेली होती. हे काय, असं हेडक्लार्कांनी विचारलं होतं. विकणारा म्हणाला, "साहेब, रेसच्या गाडीचं वजन कमी करायला लागतं. जिथं जमेल तिथला पत्रा काढून टाकतात." हे हेडक्लार्कांना इतकं पटलं, की पुढे कुणीही गाडीत बसलं की ते आधी ती बुचं दाखवायचे आणि मग सीटबेल्ट.

हेडक्लार्क पाणीपुरवठा खात्यात. नळाचा अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे सरकायचा, म्हणजे सरकला तर. उभ्या नोकरीत या माणसानं एक काम घाईनं केलं नव्हतं. अशा माणसाला वेगाचं वेड लागलं की ते उतारवयातच लागतं, आणि लागलं की मग औषध नाही.

वहिनी, म्हणजे हेडक्लार्कांची बायको, पहिल्या दिवशी गाडीत बसल्या, यांनी हॉर्न वाजवून दाखवला, आणि त्या म्हणाल्या, "हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय हो. सर्दी झाल्यासारखा."

"सिनेमात ऐकला असशील," हेडक्लार्क म्हणाले. "असल्या गाड्या तिथंच असतात."

वहिनी गप्प बसल्या. त्यांची गप्प बसायची एक पद्धत होती, त्यात तीन-चार वाक्यं सहज मावायची. मुलगी शिकायला परगावी गेली त्या वर्षी, घर सुनं सुनं वाटतं म्हणून, त्या मोटार चालवायला शिकल्या होत्या. लायसन्ससुद्धा काढलं होतं. ते कपाटात चादरींच्या खाली पडून होतं, कारण घरात गाडीच नव्हती. मग गाडी आली, तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "ही शिकाऊ हाताची गाडी नाही. नाहीतर दिली असती." लायसन्स परत चादरीखाली.

ते स्वतः कसे चालवायचे, तेही सांगतो. खात्याच्या जीपवरच्या ड्रायव्हरनं त्यांना कधीतरी सांगितलं होतं की गियर जितका वरचा, तितकं पेट्रोल कमी. झालं. बिल्डिंगच्या गेटातून गाडी पुरती बाहेर पडली नाही तोवर हेडक्लार्क टॉप गियर टाकायचे, आणि एकदा टाकला की मुक्कामापर्यंत त्याला हात लावायचे नाहीत. समोर सायकल येवो, खड्डा येवो, नाहीतर टेकडी येवो. गाडी बिचारी दम्याच्या रोग्यासारखी हलायला लागली की वहिनी म्हणायच्या, "खालचा घाला की हो."

"एवढी गाडी काय खालच्या गियरात चालवायला घेतली?"

आणि मग तो आवाज सुरू व्हायचा. कडकडकडकड. पत्र्याच्या डब्यात गोट्या घालून कुणी हलवावा तसा. साडूच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या वळणाला तो आवाज वाढत वाढत गेला, गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. तिथून पुढे दोरी, चिमटे आणि हात जोडलेला म्हातारा.

घरी आल्यावर वहिनींनी चप्पल काढायच्या आधी निकाल दिला. "पुढच्या रविवारी ताईकडे परत जेवायला जायचंय. गाडी आपल्या पायांनी वर गेली तर राहील. नाही गेली तर भाऊजींनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय, ते त्याच दिवशी तिथं येणार आहे."

"कोण गिऱ्हाईक?"

"त्यांच्या ऑफिसातला आहे कुणी. त्याला भंगारातल्या गाड्यांची हौस आहे म्हणे."

भंगार हा शब्द साडूचा होता, हे हेडक्लार्कांनी लगेच ओळखलं. त्या रात्री ते दोनदा खाली जाऊन गाडीवरून हात फिरवून आले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडे गेले. तो एका दुसऱ्याच गाडीखाली आडवा झाला होता. त्यानं तिथूनच आवाजाची हकीकत ऐकून घेतली आणि तिथूनच इलाज सांगितला, "पेट्रोल भारीतलं घाला." त्याचे फक्त पाय दिसत होते. पायांशी किती वाद घालणार.

पंपावर भारीतल्या पेट्रोलची नळी वेगळी होती. हेडक्लार्कांनी भाव वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग चाकांत हवा भरून घेतली, कारण ती फुकट होती, आणि घरी आले.

जिन्यात मास्तर उभे होते. वरच्या मजल्यावरचे हे मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून ते जिन्यात उभे राहायचे. जिना अरुंद होता, माणसाला ऐकावंच लागायचं.

"ऑक्टेन कमी पडतंय," मास्तर म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय पडतंय?"

"असं बघा. इंजिनात पेट्रोलवर दाब येतो. ठिणगी पडली की मगच त्यानं पेटायचं, तोवर दम धरायचा. हलक्या पेट्रोलला दम नसतो. ते ठिणगीची वाटच बघत नाही, मधेच भडकतं. तो तुमचा कडकड आवाज."

हेडक्लार्कांनी विचार केला. "म्हणजे साहेबांनी फाईल बघायच्या आधीच शिपायानं सही ठोकली, असं."

"अगदी तसं. आता या शिपायाला वळण लावायचं असेल तर त्यात टोल्युइन घाला. थिनरच्या जातीतलं असतं. दमदार एकदम. दाबा कितीही, वेळेआधी पेटणार नाही. रेसवाले घालायचे पूर्वी."

रेसवाले म्हटल्यावर संपलंच. मास्तरांनी त्याच जिन्यात खिशातल्या लाँड्रीच्या पावतीमागे षटकोन काढून दाखवला. हेडक्लार्कांना त्यातलं फक्त एवढं कळलं की साडूच्या गाडीत असला षटकोन नाही.

रसायनांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. काउंटरमागे एक जाड भिंगाचा माणूस.

"टोल्युइन पाहिजे."

"कशासाठी?"

"गाडीच्या पेट्रोलमध्ये घालायचंय."

भिंगवाल्यानं पेन खाली ठेवलं. "तसं नाही देता येत. इथं पावतीवर कारण लिहायला लागतं. रंगकाम, छपाई, चिकटवायचं काम, प्रयोगशाळा. यातलं काय ते सांगा."

"पण मला यातलं काहीच करायचं नाही."

"मग ज्याला करायचंय त्याला पाठवा."

आता हे संभाषण हेडक्लार्कांच्या चांगल्या ओळखीचं होतं. पण आजवर ते काउंटरच्या आतल्या बाजूनं ऐकलेलं. बाहेरच्या बाजूनं ते एवढं टोचतं, याची त्यांना कल्पना नव्हती. बागेच्या नळासाठी अर्ज घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी 'घरगुती की व्यापारी' एवढ्यावरून तीनदा परत पाठवलं होतं. त्या बाई क्षणभर डोळ्यांसमोर आल्या. मग क्षण गेला.

"रंगकाम लिहा," हेडक्लार्क म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडून खोटं कारण निघालं, त्यामुळे कान गरम झाले.

पत्र्याचा डबा घेऊन ते बिल्डिंगमध्ये शिरले आणि गेटातच सेक्रेटरी. सोसायटीचे हे सेक्रेटरी तसे कुठल्याशा कंपनीत कामाला होते, पण राहायचे गेटात. त्यांचं नाक फार तिखट. कुणाच्या घरी काय शिजतंय ते गेटातून सांगायचे.

"काय आणलंत? वास येतोय."

"काही नाही. थोडं ते हे."

"ज्वालाग्राही पदार्थ बिल्डिंगमध्ये ठेवायला बंदी आहे. नियम तुम्हीच लिहून दिलाय, गेल्या सभेत." हे खरं होतं. हेडक्लार्कांची भाषा चांगली म्हणून सोसायटीचे नियम त्यांनीच लिहिले होते, आणि पळवाट राहू नये म्हणून दोनदा तपासले होते. "पावती बघू."

पावती बघितली. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "रंगकाम होय. मग असं बोला की. नियमात रंगकामाला सूट आहे. अहो, आपलं गेट किती वर्षं रंगवायचं राहिलंय. डबा उघडताच आहात तर तेही उरकून टाका."

"मला घरात जरा..."

"घरात काय रंगवताय? वहिनी तर काही बोलल्या नाहीत."

इथं हेडक्लार्कांपुढे दोन रस्ते होते. खरं सांगायचं आणि डबा गमवायचा, किंवा गेट रंगवायचं. आठवडाभर ते ऑफिसातून आले की जुना शर्ट घालून गेटाशी बसायचे. सोसायटीनं दिलेला हिरवा रंग, हेडक्लार्कांचा थिनर. डब्यातला अर्धा माल ते गेटच प्यायलं. येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा. एक म्हणाला ब्रश उभा मारा, एक म्हणाला आडवा, आणि तळमजल्यावरच्या आजी रोज एकच विचारायच्या, "तुम्हाला नोकरीवरून काढलं का रे बाबा?"

मास्तर शेजारी खुर्ची टाकून डब्याकडे बघत बसायचे. "पुरेल ना गाडीला?" एवढीच त्यांची काळजी. नोकरी सुटल्यापासून त्यांच्या हातून पहिलाच प्रयोग होणार होता.

शनिवारी दुपारी बिल्डिंग झोपलेली बघून दोघं गाडीपाशी आले. मास्तरांनी अंगात शाळेतला जुना ॲप्रन चढवला होता. हेडक्लार्कांनी स्वयंपाकघरातून वहिनींचा प्लॅस्टिकचा मापाचा पेला आणि एक नरसाळं आणलं होतं. न विचारता, अर्थातच.

"सावकाश ओता," मास्तर म्हणाले. "मोजून."

हेडक्लार्कांनी पेला भरला. पेल्यावरचे आकडे आधी लांबट झाले, मग एकमेकांत मिसळले. हाताला पेला मऊ लागला. मेण उन्हात ठेवल्यासारखा.

"मास्तर, हा बसायला लागलाय."

"काय बसायला लागलाय?"

"पेला."

मास्तरांनी चष्मा वर केला. "हो, काही काही प्लॅस्टिक यात विरघळतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

तेवढ्यात नरसाळ्यानंही मान टाकली. मग पेला, नरसाळं आणि त्यातलं सगळं दमदार रसायन गाडीच्या कुशीवरून खाली आलं. थोडं टाकीत गेलं, नाही असं नाही. बाकीचं टाकीच्या झाकणापासून दारापर्यंत ओघळलं. हेडक्लार्कांनी खिशातला रुमाल काढला आणि जीव खाऊन पुसायला सुरुवात केली. रुमाल लाल झाला. त्यांना वाटलं हाताला लागलं.

हाताला काही झालं नव्हतं. रंग निघत होता. कुणीतरी घाईघाईत मारलेला वरचा लाल रंग सालीसारखा सुटत होता, आणि खाली कारखान्यातला जुना पांढरा रंग होता, घट्ट. जितकं पुसावं तितकं पांढरं मोठं होत होतं, आणि न पुसावं तर ओघळ खाली जात होता. त्या पांढऱ्यावर निळं काहीतरी उमटलं.

"अक्षरं आहेत," मास्तर म्हणाले.

पुसलं. 'ठेवा' असं होतं. आणखी पुसलं. 'अंतर ठेवा.'

हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. "बघा. रेसची गाडी. मागच्या गाड्यांना सूचना आहे."

"साहजिक आहे," मास्तर म्हणाले. "एवढा वेग म्हटल्यावर बाकीच्यांनी अंतर ठेवलेलंच बरं."

त्या आनंदात हेडक्लार्कांनी अख्खं दार पुसून काढलं. पुसायला नको होतं. वरच्या ओळीत, थोड्या पुसट पण ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शिकणाऱ्याचा हात आहे.' आणि त्याच्यावर एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, पत्त्यासकट.

 मास्तर ॲप्रनची गाठ सोडायला लागले.

तेवढ्यात वहिनी खाली आल्या, मापाचा पेला शोधत. आधी त्यांना पेला दिसला, म्हणजे जो काही उरला होता तो. मग दार दिसलं. त्या वाचत जवळ आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हेडक्लार्कांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. माहेरचं माणूस अचानक बाजारात भेटावं तसं.

"ही तर आमची गाडी," वहिनी म्हणाल्या.

"आमची म्हणजे?"

"मी हिच्यावर शिकले. तरी म्हटलं, हॉर्न ओळखीचा का वाटतो." त्यांनी दार उघडलं आणि आत वाकून ती दोन रबरी बुचं बोटानं दाबून बघितली. "इथं सरांचा ब्रेक होता, इथं क्लच. आम्ही चुकलो की सर इथून दाबायचे. माझ्या वेळेला तर दाबून दाबून त्यांचा पाय सुजला होता."

"म्हणजे वजन कमी नाही केलेलं," मास्तर हळूच म्हणाले.

हेडक्लार्कांना आजवर ज्यांना ज्यांना ती बुचं दाखवली ती सगळी माणसं एका रांगेत उभी दिसली. ऑफिसचे साहेब होते त्यात. व्याही होते. साडू तर सगळ्यात पुढे होता.

"काय हे," मागून आवाज आला. सेक्रेटरी. वासानं त्यांना झोपेतून उठवून आणलं होतं. "रंगकाम चाललंय ते ठीक. पण तुम्ही तर आधीचा रंग काढताय. रंग काढायला वेगळी परवानगी लागते. नियम चौदा."

नियम चौदा कुणी लिहिला होता, ते सांगायला नको.

मास्तरांनी सुचवलं की गेटाचा हिरवा उरलाय, दारावर एक हात मारू. वहिनी म्हणाल्या, "काही मारायचं नाही. राहू दे तशी." आणि पेल्याचा गोळा उचलून वर गेल्या. हेडक्लार्कांना वाटलं, आता विकायचीच आहे म्हणून म्हणतात. संध्याकाळभर ते बाल्कनीतून खाली बघत बसले. वरून नेमकं तेच दार दिसत होतं.

रविवारी निघाले. मागच्या सीटवर मास्तर, निरीक्षणासाठी. सीट इतकी अरुंद होती की त्यांचे गुडघे कानाला लागत होते. सवयीप्रमाणे हेडक्लार्कांनी गेटातच टॉप गियर टाकला. नव्या हिरव्या गेटाकडे कुणी बघितलं नाही. रस्त्यावर मात्र एक नवल झालं. मागच्या गाड्या हॉर्न न वाजवता लांबून जायला लागल्या. काही जण तर पुढे जाताना हेडक्लार्कांकडे बघून धीर देणारं हसले. एका बाईंनी काच खाली करून सांगितलं, "घाबरू नका काका, येईल हळूहळू."

हेडक्लार्कांनी जबडा आवळला आणि टेकडीला लागले.

पहिलं वळण बरं गेलं. "टोल्युइन काम करतंय," मास्तर मागून म्हणाले. दुसऱ्या वळणाला गाडी थरथरायला लागली. आणि पाण्याची टाकी दिसली तसा तो आवाज आला. कडकडकडकड.

"प्रमाण कमी पडलं," मास्तर म्हणाले. "गेटानं घात केला."

वर वळणाच्या कठड्यापाशी साडू उभा होता. बाजूला एक टक्कलवाला अनोळखी माणूस, म्हणजे गिऱ्हाईक. साडूच्या हातात दोरीचं वेटोळं तयार होतं. या वेळी चिमटे काढलेले होते. तेवढं औदार्य त्याच्यात होतं.

गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि त्याच जागी, अगदी त्याच जागी, मान टाकली. हेडक्लार्कांनी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसले. त्यांच्या मनात एवढंच आलं, की निदान या वळणापर्यंत तरी ती माझी होती.

"काय साडूभाऊ," वरून हाक आली. "टाकू का दोरी?"

वहिनींनी आपल्या बाजूचं दार उघडलं, गाडीला वळसा घातला आणि हेडक्लार्कांच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "उतरा. तिकडे बसा."

"अगं, चढ आहे."

"मला दिसतोय. याच चढावर सर शिकवायचे. उतरा."

पर्समधून त्यांनी लायसन्स काढून समोर काचेपाशी ठेवलं. चादरींचा वास आला. सीट पुढे ओढली. आरसा आपल्याकडे वळवला. हेडक्लार्कांनी तो वर्षभर तसाच ठेवला होता, त्यात त्यांना पंख दिसायचा. मग वहिनींनी किल्ली फिरवली, गियरला हात घातला आणि थेट पहिला टाकला.

"टॉपमध्ये ठेव," हेडक्लार्क म्हणाले, "पेट्रोल..."

"अहो, तिला दम घेऊ द्या. तुम्ही गच्चीवर जाताना एका ढांगेत जाता का?"

गाडी गुरगुरली. मग त्या मनगटाएवढ्या सायलेन्सरमधून जो आवाज निघाला, तो हेडक्लार्कांनी त्या गाडीतून कधी ऐकलाच नव्हता. जाडजूड, मोकळा, खूश. गोट्या नाहीत, उचक्या नाहीत. पहिला, मग दुसरा. वळण आलं, परत दुसरा. साडूनं दोरीसकट बाजूला उडी मारली. गिऱ्हाईकानं टक्कल झाकलं. मास्तर मागून ओरडत होते, "लागू पडलं! बघा, भिनायला वेळ लागतो!"

गाडी साडूच्या दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा ताई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोण, तू आणलीस?" वहिनींनी नुसती किल्ली दाखवली.

धापा टाकत साडू आणि गिऱ्हाईक मागून पोचले. गिऱ्हाईकानं गाडीला एक चक्कर मारली. दारावरची अक्षरं वाचली, आत वाकून बुचं बघितली. जिभेवर आलेलं सगळं हेडक्लार्कांनी गिळलं. या बुचांविषयी ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

"काय चढली हो," गिऱ्हाईक म्हणाला. "मी घेतो. सांगाल ते देतो."

साडू हेडक्लार्कांकडे बघायला लागला. हेडक्लार्क वहिनींकडे बघायला लागले. गाडी आपल्या पायांनी वर गेली तर राहील, असं ठरलं होतं. गेली होती. पण कुणाच्या पायांनी, हा मुद्दा हेडक्लार्कांना स्वतःच्या अर्जात स्वतःच सापडला, आणि अशा मुद्द्यांवर त्यांनी नोकरीभर माणसं परत पाठवली होती.

"विकायची नाही," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "चला जेवायला. मास्तरांना कुणीतरी बाहेर काढा."

जेवताना साडूनं दोनदा विचारलं, "पण मग त्या रसायनाचं काय झालं?" मास्तरांनी भातात बोटानं षटकोन काढून समजावलं. कडकड आवाज टोल्युइननंच घालवला, हे त्यांचं मत आजही कायम आहे. जिन्यात भेटलात तर सांगतील.

गाडी अजून तशीच आहे. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरी आणि निळी. रंगवायची म्हटलं तर सोसायटीची परवानगी लागते, आणि तो अर्ज सेक्रेटरींच्या टेबलावर पडून आहे. त्यांनी विचारलंय, घरगुती की व्यापारी. बागेचा नळ मागणाऱ्या त्या बाईंना मात्र परवा नळ मिळाला. का मिळाला, ते खात्यात कुणाला कळलं नाही.

रोज सकाळी वहिनी हेडक्लार्कांना ऑफिसला सोडतात. हेडक्लार्क शेजारच्या सीटवर बसतात, मांडीवर डबा, नजर समोर. समोर काही आलं, सायकल म्हणा, खड्डा म्हणा, की त्यांचा पाय आपोआप त्या रबरी बुचावर जातो आणि ते जोरात दाबतात.

गाडी हळू होते. दर वेळी होते. हेडक्लार्क मग जरा मागे रेलून बसतात, आणि वहिनी कधी काही बोलत नाहीत.